ज्वारीवरचा चिकटा दरवर्षी त्याच पट्ट्यात का येतो?

रब्बी ज्वारी पोटरीत आली, म्हणजे कणीस पानाच्या आवरणात फुगू लागलं, की चिकट्याच्या, म्हणजे पानावर चकाकणाऱ्या चिकट गोड थेंबांच्या, तक्रारी सुरू होतात. मजकूर साधारण ठरलेला: "औषध मारलं, आठ दिवस रान स्वच्छ दिसलं, आता पहिल्यापेक्षा जास्त चिकटा आहे. आणि मागच्या वर्षी जिथून सुरू झाला, तिथूनच पुन्हा." त्याला जोडून हमखास येणारं शेवटचं वाक्य: "आमची ज्वारी धाटाला गोड आहे, म्हणून येत असेल."

आधीचं सगळं बहुतेक वेळा खरं असतं. शेवटचं वाक्य मात्र तपासून घ्यायला हवं, कारण पुढचे बरेच चुकीचे उपाय त्यातूनच निघतात. जात बदलली जाते, टाकीत गूळ कालवला जातो, औषधाचा हात वाढवला जातो. आणि ज्या गोष्टीमुळे मावा (रस शोषून हा चिकटा टाकणारी बारीक कीड) त्या पट्ट्यात ठाण मांडतो तिला कुणी हात लावत नाही.

आधी चिकटा कुठला ते बघा

कणसातल्या फुलांतून मधासारखे थेंब ओघळत असतील आणि पानं वरच्या अंगाला कोरडी असतील, तर ते किडीचं काम नाही. तो अरगट, म्हणजे बुरशीचा रोग. त्यावर कीटकनाशक मारून काहीही होत नाही. खालचा सगळा मजकूर पानावरच्या चिकट्याचा आहे.

पानावर चिकटा दिसला की लोक चकाकणारं पान उलटं करून बघतात, तिथे फारसं काही सापडत नाही आणि गोंधळतात. थेंब वरून पडलेला असतो. जे पान चकाकतंय त्याच्या वरच्या पानाची खालची बाजू बघा. तिथे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट पिवळ्या माव्याची दाटी असेल, भिंगाखाली पायांची टोकं आणि पाठीमागच्या दोन बारीक नळ्या काळ्या दिसत असतील, तर हा मेलानाफिस, ज्वारीचा खरा चिकटेवाला. तो बहुधा खालच्या जुन्या पानांवर बसतो आणि मग वर चढतो. पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) निळसर हिरवा मावा असेल तर तो मक्यावर येतो तो दुसरा. तो लवकर येतो, कणीस बाहेर पडलं की बराचसा आपोआप ओसरतो, आणि त्याच्यासाठी घाईने फवारणी करायची गरज सहसा पडत नाही. पोंग्यात नि पानाच्या बेचक्यात दडलेले, हात लावताच तिरके पळणारे असतील तर ते तुडतुडे. चिकटा तिघांचाही असतो, पण वर्षानुवर्षं त्रास देणारा बहुधा पिवळाच. म्हणून पुढे 'मावा' म्हटलं की तो.

गोड धाट आणि माव्याचा संबंध

धाटातला गोडवा हा साठवलेला माल आहे. खोडाच्या गराच्या पेशींत साखर साठते, आपण धाट चावतो तेव्हा त्या पेशी फुटतात आणि रस तोंडात येतो. मावा त्या गराला तोंडच लावत नाही. त्याची सुईसारखी सोंड पानातल्या रसवाहिनीत जाते. पानात तयार झालेली साखर कणसाकडे, मुळांकडे वाहून नेणारी ही नळी. तिच्यातला रस जवळपास सगळ्याच पिकांत भलता गोड असतो: साधारण १५ ते ३० टक्के साखर, म्हणजे पक्व उसाच्या रसाच्या तोडीची. ज्या ज्वारीचं धाट पांचट लागतं, तिच्याही पानातल्या नळीत हाच गोड रस वाहतो. तेव्हा धाट चावून माव्याचा अंदाज बांधता येत नाही.

याचा मोठा दाखला अमेरिकेचा आहे. तिथे या माव्याला बरीच वर्षं उसाचा मावा म्हणत. फ्लोरिडात तो १९७७ साली आणि लुइझियानात १९९९ साली उसावर सापडला, आणि पुढची कित्येक वर्षं ज्वारीवाल्यांना त्याची फारशी झळ लागली नाही. २०१३ मध्ये टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत ज्वारीवर एकाएकी लोट आला; चिकट्याने कापणीची यंत्रं तुंबू लागली. हा नवा आलेला मावा ज्वारीवर जोमाने वाढणारा निघाला, आणि २०२१ मध्ये अभ्यासकांनी उसावरचा मेलानाफिस सॅकरी आणि ज्वारीवरचा मेलानाफिस सॉर्घी या दोन वेगळ्या जाती म्हणून मांडल्या. निव्वळ साखर हाच निकष असता तर शेजारी ऊस उभा असताना ज्वारी निवडायचं त्याला कारणच नव्हतं.

मग साखरेचं काम काय? पत्ता सांगण्याचं. मावा पिकावर उतरतो तो रंग बघून. पिवळसर हिरवा दिसला की उतरतो, पिवळे चिकट सापळे चालतात ते त्यामुळेच. उतरल्यावर तो सालीच्या पेशींत एक मिनिटाच्याही आत लहान लहान टोचे मारून चव घेतो. नाही पटलं तर उडून जातो. पटलं तर सोंड पेशींच्या मधून वाट काढत आत सरकते, आणि वाटेत एकेक पेशी क्षणभर टोचून बघते. पेशीतला साठा आंबट, कमी साखरेचा. रसवाहिनी मात्र गोड आणि जवळपास उदासीन, किंचित अल्कलीकडे झुकलेली. गोडी वाढली नि आंबटपणा गेला की नळी सापडली. हे सगळं व्हायला बहुधा एक ते काही तास लागतात. माव्याच्या पाठीला आणि झाडाला बारीक विजेची तार जोडून हे टोचे नोंदवायची पद्धत १९६४ पासून वापरात आहे, त्यामुळे हा अंदाज नाही, मोजलेली गोष्ट आहे. नळीत शिरल्यावर दहा मिनिटांहून जास्त सलग रस ओढला तर झाड पसंत पडलं असं धरतात.

जाता जाता: कोवळ्या ज्वारीत जनावराला घातक ठरणारं जे विष तयार होतं, तेही साखरेशी बांधलेलं असतं. धुरिन नावाच्या त्या पदार्थाला ग्लुकोजचं कुलूप असतं. पान चावलं, ठेचलं की कुलूप निघतं आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. मावा पान ठेचतच नाही, पेशींच्या फटीतून जातो. म्हणून जे झाड गाय मारू शकतं त्यावर मावा खुशाल बसतो.

साखरेनं बोलावलं, टिकवलं कुणी

रसवाहिनीतल्या रसाची मेख अशी की त्यात साखर बख्खळ आणि प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. माव्याला वाढायला, पिल्लं द्यायला ती अमिनो आम्लं हवीत. त्यातलीही अत्यावश्यक कमीच. ती त्याच्या पोटातले बुखनेरा नावाचे जिवाणू बनवून देतात. उरलेल्या गरजेसाठी तो रसाचे घोटावर घोट पितो आणि नको असलेली साखर मागून टाकतो. शेंगदाण्यांसाठी अख्खी भेळ संपवणाऱ्या पोरासारखं हे आहे, फरक इतकाच की मावा चुरमुरे खाली सांडतो, आणि त्या सांडलेल्यालाच आपण चिकटा म्हणतो.

त्याला हे करावंच लागतं. रसातली साखर माव्याच्या रक्तापेक्षा इतकी दाट असते की ती तशीच पोटात राहिली तर अंगातलं पाणी पोटाकडे ओढलं जाऊन तो सुकून मरेल. म्हणून त्याच्या आतड्यातलं विकर उसाच्या साखरेचे दोन तुकडे करतं, त्यातल्या ग्लुकोजच्या कणांच्या लांब साखळ्या जोडल्या जातात, दाटपणाचा ताण उतरतो आणि मग ते बाहेर जातं. तरीही तहान लागली तर तो सोंड जलवाहिनीत घालून साधं पाणी पिऊन घेतो.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. साखर प्रत्येक झाडात पुरेशी आहे, ती तुम्हाला कमी करता येणार नाही आणि करायचीही नाही, दाणा तिच्यावरच भरतो. पण रसात अमिनो आम्लं किती वाहतात हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यावर १९७० च्या सुमारास झालेलं काम इथे नेहमी सांगण्यासारखं आहे. मुडगो हा भात या तुडतुड्याला दाद देत नसे; तुडतुडे त्याच्यात सोंड खुपसत, पण रस फार कमी पीत. त्या भातात अॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल कमी असल्याचं आढळलं. साखर असूनही किडीचं भागलं नाही.

तो पट्टा

आता मूळ प्रश्नाकडे. "त्याच पट्ट्यात" याचं उत्तर शोधायला सरळ रानात जा आणि मावा नसताना जा, पीक गुडघाभर असताना. जो पट्टा बाकीच्यापेक्षा गर्द, काळपट हिरवा दिसतो, पानं रुंद नि लुसलुशीत, तोच बहुतेक वेळा पुढे चिकट्याचा पट्टा ठरतो. मग त्याच्या इतिहासात शिरा. तिथे उकिरडा होता का? उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या होत्या का? मेंढ्या बसवणं उत्तम खत आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिथे कळप जास्त रात्री बसला तिथलं नत्र आधीच भरपूर असतं आणि आपण युरिया मात्र सगळ्या रानाला सारखाच फेकतो. युरियात ४६ टक्के नत्र. ४५ किलोच्या एका गोणीत २० किलो ७०० ग्रॅम. मेंढ्यांच्या जागेवर हे वरून पडलं की झाडाला त्याचं लगेच प्रथिन करता येत नाही आणि मोकळी अमिनो आम्लं रसात फिरू लागतात.

याच्या उलट टोकाला पाण्याचा हिशेब. कोरडवाहू ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. ओल तुटली की झाड तग धरायला पेशींत साखर नि प्रोलिनसारखी अमिनो आम्लं साठवतं. रस पौष्टिक होतो, पण नळीतला दाब कमी पडतो आणि दाट रस माव्याला ओढायला जड जातो. त्यामुळे सलग कडक ताणात मावा फोफावतोच असं नाही. मग आपण उशिरा एक भरघोस पाणी देतो किंवा अवकाळी पाऊस पडतो. दाब परत येतो, रसातली अमिनो आम्लं अजून तशीच असतात, आणि माव्याची चंगळ होते. "पाणी दिलं नि चिकटा वाढला" ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. दोष पाण्याचा नाही, ते फार उशिरा दिल्याचा आहे. एकच संरक्षित पाणी असेल तर भेगा रुंदावून पानं सुरळी होईपर्यंत थांबू नका, पोटरीच्या सुमारास देऊन टाका. पाटाच्या कडेची झाडं नेहमी ओली आणि शेवटच्या सऱ्या नेहमी तहानलेल्या असतील, तर माव्याची सुरुवात कुठल्या टोकाला होते तेही बघून ठेवा.

खालची पानं आधी का? पोटरी फुटल्यावर ज्वारी जुन्या पानांतली प्रथिनं मोडून त्यांचं नत्र कणसाकडे पाठवायला लागते. ज्या पानातून हा माल निघतो, त्या पानाच्या नळीत अमिनो आम्लांची वर्दळ वाढते. हिरवट पिवळं होत चाललेलं खालचं पान हे म्हणून माव्याला सोयीचं ठिकाण. लोक फवारतात मात्र वरून, पोंग्यावर.

ढगाळ हवेत चिकटा वाढतो हे म्हाताऱ्यांचं म्हणणंही मी खोडून काढणार नाही. मऊ, दमट हवा माव्याला मानवतेच, शिवाय उजेड कमी पडला की पानात साखर कमी बनते आणि तिच्या तुलनेत नत्राचा वाटा वाढतो.

पालाशबद्दल थोडं सावध बोलतो. पालाश कमी पडलं की साधी साखर नि मोकळी अमिनो आम्लं झाडात तुंबतात. अमेरिकेत सोयाबीनवर पालाश कमी असलेल्या रानात मावा जास्त वाढल्याचं दिसलं आहे. पण आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा बरं असतं. कडबा दरवर्षी पूर्ण उचलून विकला जात असेल तर मात्र बराच पालाश त्याच्यासोबत गाडीत जातो. माती तपासा, मग ठरवा; दुकानदार म्हणतो म्हणून पोटॅश टाकू नका.

औषध मारलं तरी परत का

मावा नरावाचून, अंडी न घालता, सरळ पिल्लं टाकतो, आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात त्या पिल्लांना पिल्लं होतात. खालच्या पानाखाली थोडी वसाहत वाचली तरी पुढचं सगळं तिच्यातून उभं राहतं. त्यात स्वस्त पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक वापरलं की मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माशीच्या अळ्या आधी मरतात, कारण ते पानावर उघडे फिरत असतात. मग दुसरी लाट पहिल्यापेक्षा मोठी येणार हे उघड आहे.

त्याहून मला खटकतं ते टाकीतलं मिश्रण. माव्याचं औषध आणि त्याच पंपात १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत, "पिकाला तजेला येतो म्हणून". एका हाताने मावा मारायचा, दुसऱ्या हाताने उरलेल्याला नत्र वाढायचं. चिकटा दिसू लागल्यावर विद्राव्य खत बंद ठेवा.

गुळाचंही तेच. लष्करी अळीसाठी भाताचा कोंडा नि गूळ आंबवून विषारी आमिष करतात, ते चालतं, कारण अळी ते खाते. माव्याची सोंड पानाच्या आत असते; पानावर पडलेला गूळ त्याच्या तोंडी जातच नाही. मुंगळे मात्र येतात, आणि मुंगळे माव्याचे राखणदार.

आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणाऱ्या, औषधांबद्दल एक गैरसमज असा की ती झाडभर सगळीकडे फिरतात. बहुतेक आंतरप्रवाही औषधं जलवाहिनीतून वर चढतात. वरच्या पानावर मारलेलं औषध खाली जुन्या पानात उतरत नाही. दोन्ही नळ्यांतून फिरणारी स्पायरोटेट्रामॅटसारखी थोडीच आहेत. म्हणून नोझल खाली धरून, पानाची खालची बाजू ओली होईल असंच मारावं लागतं. औषध कुठलं, हे डब्याच्या लेबलवर ज्वारी आणि मावा दोन्ही छापलेलं आहे का ते बघून आणि कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून ठरवा. मावा थोडा असताना ५ टक्के निंबोळी अर्क खालून नीट बसवला तर पुष्कळदा पुरतो. मावा मारणाऱ्या लेकॅनिसिलियम बुरशीला दमट हवा लागते. ढगाळ आठवडा असेल तर उपयोग, कोरड्या थंडीत पैसे वाया.

फवारायचंच का, हाही प्रश्न आहे. टेक्सासकडे ज्वारीसाठी एका पानावर सरासरी ५० ते १२५ मावा या पट्ट्यात निर्णय घ्यायला सांगतात. तो आकडा जसाच्या तसा आपल्या मालदांडी ज्वारीला लावू नका, पण पानं मोजायची सवय उचलण्यासारखी आहे: रानात चार-पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी एक खालचं आणि एक वरचं हिरवं पान. ढालकिड्याच्या काळ्या-केशरी अळ्या भरपूर दिसत असतील तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. दाणा चिकातून पुढे जाऊन टणक होऊ लागला असेल तर दाण्यासाठी फवारून फार हाती लागत नाही.

यंदाच्या पेरणीआधी

तो पट्टा खुंट्या ठोकून आखून घ्या आणि त्याला नत्र वेगळं द्या. मेंढ्यांची किंवा उकिरड्याची जागा असेल तर वरखत तिथे देऊच नका, बाकी रानाला शिफारशीएवढं. पटत नसेल तर पट्ट्याच्या मधोमध निम्म्या भागात युरिया टाका, निम्म्यात टाकू नका, आणि पोटरीनंतर दोन्हीकडची खालची पानं उलटून बघा. दुसऱ्याच्या सांगण्यापेक्षा हे बरं.

बांधावरचं बरू काढा. हे गवत ज्वारीच्याच गणातलं, मावा त्यावर मजेत दिवस काढतो. कडवळ बारा महिने हिरवं ठेवत असाल तर ते या पट्ट्याच्या शेजारी नको, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला तर नकोच. पंखवाला मावा वाऱ्याबरोबर येतो. ज्वारीचा खोडवा चाऱ्यासाठी राखला असेल तर नवी पेरणी उगवायच्या आत तो मोडा.

हुरड्यासाठी राखलेल्या ओळी फवारणीतून पूर्ण वगळा. शेजारच्या ओळीतलं औषध उडून येणार असेल तर हुरडा त्या कडेचा नको.

आणि चिकटा पडलेल्या कडब्याचं काय, हे सगळेच विचारतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते, पान काळं पडतं, जनावर ते बाजूला सारतं. मध्येच एखादी पावसाची सर आली तर बराच चिकटा धुऊन जातो. न गेल्यास पेंढ्या बांधायची घाई करू नका. उभ्या कडप्यांना ऊन लागू द्या, पान हाताला कुरकुरीत लागलं की मगच गंजी घाला. चिकट पान ओल धरतं आणि गंजीच्या पोटात बुरशी वाढते. फार काळवंडलेल्या पेंढ्या वेगळ्या ठेवा, कुट्टी करून चांगल्या कडब्यात थोड्या थोड्या मिसळा, आणि औषध मारलं असेल तर लेबलवरचे प्रतीक्षा दिवस संपल्याशिवाय त्यातली काडीही गव्हाणीत जाऊ देऊ नका.